अरेंजमेंटवाले हटवार सर

शाळेत कोणता बी मास्तर सुट्टीवर गेला का आमाले दोन मिनिटं भल्ला आनंद व्हायचा. बेंच वाजवणं, डब्बे उघडणं, मागच्या दारातून सटकाची तयारी. अन् तेवढ्यात समोरच्या दारात हटवार सर. हातात खडू नाही, डस्टर नाही, हाजरीचं रजिस्टर नाही. फक्त एक कापडाची पिशवी. तिच्यात घडी केलेला पेपर, मुर्र्याचा, म्हणजे मुरमुऱ्याचा, डब्बा अन् दोन चष्मे. एक वाचाचा, एक आमाले पाहाचा.

ते आमचे कोणत्याच विषयाचे सर नव्हते. कागदोपत्री लायब्रेरियन. पण हिंदी मुलखातल्या प्लांटच्या कॉलनीत, सेक्टरमधल्या आमच्या शाळेत मास्तर कमी अन् सुट्ट्या जास्त, म्हणून ज्याची जागा खाली त्या जागी हटवार सर. याले आमच्याकडे अरेंजमेंट म्हणतात. सहावीपासून बारावीपर्यंत मी त्यायच्यासमोर फिजिक्सच्या तासाले बसलो, हिंदीच्या बसलो, एकदा तं पोरींच्या शिवणकामाच्या तासाले बी बसलो. सगळ्या वर्गांले ते मिळाले अन् कोणत्याच वर्गाचे ते झाले नाही.

मले शाळेत टेप म्हणायचे. कोणाचा बी आवाज काढून द्यायचो. प्रिन्सिपलचा खोकला, पांडे मॅडमचं "सिट डाऊन", प्लांटचा भोंगा. भोंगा इतका बरोबर काढायचो का एकदा चपराशानं घड्याळ जुळवलं होतं. हटवार सरचा आवाज काढणं तं एकदम सोपं. एकच शब्द होता त्यायचा, "और?"

तुम्ही काही बी सांगा. "सर, आज बस लेट झाली." सर म्हणणार, "और?" "सर, माया भावाचं लग्न ठरलं." "और?" "सर, पोट दुखून राहिलं, घरी जाऊ?" "और?" पोट्टे याले भल्ले वैतागायचे. वाटे का हा माणूस आपली मजा घेऊन राहिला. मी कॅन्टीनपाशी उभा राहून दोन चष्म्यांची अदलाबदल करत "और?" म्हटलं का पोट्टे लोटपोट. मले बी तवा हे नव्हतं समजलं का कोणी बोलणं बंद करू नये म्हणून एखादा माणूस असं म्हणत असन.

घरी त्यायच्या कोणीच नव्हतं. बायको मी शाळेत जायच्या बी आधी वारली, लेकरू नाही. भंडाऱ्याकडचे, आमच्यासारखेच, पण आमच्या घरी जशी भांडणं मराठीत व्हायची तशी त्यायच्या घरी कराले दुसरं माणूस पाहिजे नं. वर्गात ते हिंदीच बोलत. लायब्ररीत आम्ही दोघंच असलो का हळूच मराठीवर यायचे, जसं घरी आल्यावर माणूस बूट काढते तसं.

आता त्यायचं खरं काम सांगतो.

दरवर्षी जानेवारीत बारावीच्या वर्गाले हटवार सर अर्ध्या फुलस्केपचा एक-एक कागद वाटत. त्यावर तीन सवाल. क्या बनना है. किस बात से चिढ़ है. कौन-सी याद साथ ले जाओगे. हे कागद भरून आले का सर स्वतः लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करत, हुडको कॉलनीतल्या दुकानातून छापून आणत, रंगीत पुठ्ठा लावून स्टेपलर मारत, अन् फेअरवेलच्या दिवशी प्रत्येकाले एक पुस्तक. शाळेनं त्यायले हे कधीच सांगतलं नव्हतं. कोण्या एका वर्षी त्यायच्याच डोस्क्यात आलं अन् मंग बावीस वर्षं चाललं.

पण कागद भरून दिला म्हणजे झालं असं नव्हतं. सर तो वापस करत.

"इंजिनिअर? काहे का इंजिनिअर? पुल बनाएगा या मिक्सर?"

"सर, वो तो बाद में पता चलेगा."

"तो बाद में भर के देना."

प्रीती साहू आमच्या वर्गाची टॉपर. तिचा कागद दोनदा वापस आला. पहिल्यांदा 'डॉक्टर', दुसऱ्यांदा 'अच्छी डॉक्टर', तिसऱ्यांदा रागानं तिनं लिहिलं, 'मुझे अपना एक कमरा चाहिए जिसमें दादी न खाँसे।' सरनं ते मायाकडून दोनदा वाचून घेतलं अन् म्हणले, "ये हुआ न." छापलं बी तसंच.

चिडीच्या सवालाले मात्र कोणीच अटकत नसे. तिथे कागद कमी पडायचा. टिफिनमधलं लोणचं दुसऱ्याच्या वहीले लागते अन् मार आपल्याले पडते. कोचिंगच्या बसमध्ये खिडकीची जागा पकडून जो झोपी जाते तो. पप्पा प्लांटमध्ये आहेत असं सांगतलं का लोक जे विचारतात, 'तुम भी प्लांट में जाओगे?' ते. एका पोट्ट्यानं लिहिलं, 'जब मम्मी सबके सामने पूछती है, पेट साफ हुआ?' सरनं हे टाइप करताना मायाकडे पाहिलं बी नाही. फक्त पोट हालत होतं. ते हसले का आवाज येत नसे, पोट हालायचं.

मी तिथे कसा, तं सरच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं त्या वर्षी. पोरायचं अक्षर त्यायले दिसत नव्हतं. त्यायनं मले बोलावलं, "तू वाच, मी टाइप करतो." मी वाचायचो, पण साधं कसं वाचू? ज्याचा कागद त्याच्या आवाजात. प्रीतीचा नाकातून, डेहरेचा अटकत अटकत. सर टाइप करता करता थांबत. "पुन्हा वाच." मले वाटे का शब्द सुटला असन. शब्द नव्हता सुटला. त्यायले पुन्हा ऐकाचं असायचं.

पुस्तकाची एक कॉपी सर घरी न्यायचे. अन् इथून पुढे त्यायचा तो धंदा चालू व्हायचा ज्यानं आख्खं गाव त्यायच्यापासून पळत होतं.

ते विसरत नसत. कोण्या वर्षीच्या, कोण्या पोराले, काय बनाचं होतं. संध्याकाळी हुडकोच्या बाजारात चक्कर मारायचे अन् कोणाची माय दिसली, कोणाचा बाप दिसला, का विचारलंच. मी एकदा आईसोबत भाजी घ्याले गेलो होतो. तिथे एक बाई वांगी निवडून राहिली होती. सर तिच्यापाशी जाऊन उभे.

"नमस्ते. अनुराधा कैसी है? समुंदर पे रिसर्च करना था उसको."

बाईच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. "सर, उसकी तो शादी हो गई. नोएडा में है."

सरनं विचार केला. "नोएडा में तो समुंदर नहीं है."

"नहीं सर."

"और?"

बाईनं न निवडलेली वांगी तशीच तोलाले दिली अन् गेली. सरनं पिशवीतून एक छोटी डायरी काढली, त्यावर लिहिलं, अन् आईले मराठीत म्हणले, "ताई, पोरगी हुशार होती हो. माशांचे चित्रं काढून द्यायची मले." त्यायच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच वाईट वाटून राहिलं होतं. पण ज्याले विचारलं त्याले ते कसं समजावं? त्याले वाटे का हा माणूस बाजारात उभं करून माही उत्तरपत्रिका वाचून राहिला.

माया दादानं त्यायच्या पुस्तकात लिहिलं होतं, क्रिकेट कमेंटेटर. दादा आता एका फायनान्स कंपनीत लोकायले फोन करते. आवाज अजून बी कमेंटेटरचाच आहे, पण समोरचा माणूस ऐकण्याआधीच फोन ठेवते. एकदा आम्ही दोघं गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर उभे होतो अन् दुरून हटवार सर येताना दिसले. अठ्ठावीस वर्षांचा, मिशीवाला माया भाऊ ठेल्याच्या मागे बसून गेला. खाली. नालीपाशी.

"काय झालं बे?" मी म्हटलं.

"चूप! गेले का?"

"येऊन राहिले. हात दाखवू का?"

"मार खाशील. तू समोर पाहाय. मी नाही आहे."

सर आले, मायासमोर थांबले, ठेल्याच्या खालून निघालेले दादाचे बूट त्यायनं पाहिले, पाहाच्या चष्म्यातून, एकदम स्वच्छ. मंग म्हणले, "दादाले नमस्कार सांग." अन् निघून गेले. दादा उठला तं त्याच्या पँटले चिखल लागला होता. मले लय हसू येत होतं. दादाले नव्हतं येत. घरी आल्यावर हात धुताना म्हणे, "त्या माणसाले सांग नं कोणी. विसरत जा म्हणावं थोडं."

तं असं होतं. ज्याले सगळ्यांचं आठवे, त्याच्यापाशी कोणाले उभं राहाचं नव्हतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. मी कागद वाचून राहिलो होतो, सर टाइप करून राहिले होते. तिसऱ्या सवालाचे जवाब येऊन राहिले होते. शुक्ला सरांनी क्रिकेटची मॅच पाहू दिली. पांडे मॅडमनं वर्गासमोर माफी मागतली. पिकनिकले चौबे सर पाण्यात पडले. मले सहज मस्ती सुचली.

"सर, तुमचं नाव कोणाच्याच कागदात नाही आलं हो. तुम्ही पैसे नाही देत वाटते पोरायले."

सरचे बोटं चालूच होते. ओळ पूर्ण झाली तवा म्हणले, "एकदा आलं होतं."

"खरंच? काय लिहिलं होतं?"

"'हटवार सर ने मेरी बुक जमा कर ली थी.'"

"मंग! हे तं चांगलं आहे."

"ते चिडीच्या सवालात होतं."

मी हसलो. सरचं पोट नाही हाललं. त्यायनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा तोच लावला. "एप्रिलमध्ये मी रिटायर होऊन राहिलो," म्हणले. "हे शेवटचं पुस्तक. पाहू. तुमच्या वर्गाचे एकवीस कागद अजून याचे आहेत."

ते 'पाहू' ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मले काढता आला असता. मी काढला नाही.

पुढचाच कागद प्रीतीचा होता. तिची आठवण अशी: ऑगस्टमध्ये एकदा शुक्ला सरांच्या तासाले लाइट गेली. सरांनी सगळ्यायले डोळे बंद कराले लावले अन् म्हटलं, दहा मिनिटं फक्त ऐका, मग सांगा काय काय ऐकू आलं. कोणाले मालगाडीचे डब्बे जोडताना ऐकू आलं, कोणाले समोरच्या क्वार्टरमधला कुकर, कोणाले आठवी बीच्या वर्गातली पांडे मॅडम. प्रीतीनं लिहिलं होतं का तिले त्या दिवशी पहिल्यांदा समजलं, आपल्या वर्गात एकेचाळीस लोक श्वास घेतात.

मी नाकातून वाचता वाचता थांबलो.

"सर, हे तं तुम्ही होते."

"पुढे वाच."

"शुक्ला सर त्या दिवशी सुट्टीवर होते नं! तुम्ही अरेंजमेंटले आले होते. मले पक्कं आठवते, मी कुकरची शिट्टी मारून दाखवली होती अन् तुम्ही म्हटलं, दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी घरची बाई मारन."

"तिनं काय लिहिलं?"

"शुक्ला सर."

"मंग शुक्ला टाइप होईन."

"पण खोटं आहे ते!"

"खोटं कसं? तास शुक्लाचाच होता. तिच्या आठवणीत ते उभे आहेत, मी जाऊन त्यायले कसा हटवू?" अन् दोन बोटांनी त्यायनं 'शुक्ला' टाइप केलं. श, मंग बराच वेळ शोधून क ले जोडाचा ल.

घरी जाताना मी हिशेब केला. अजून एकवीस कागद बाकी आहेत. त्यायच्यात सरचं नाव आणाचं, मले फक्त तेवढंच कराचं होतं. मी वर्गात बेंचवर उभा राहिलो अन् भाषण ठोकलं. म्हटलं, यार, बुढ़ऊ का आखरी साल है, तीसरे सवाल में सब उनका नाम डालो. पोट्टे चांगले होते, लगेच तयार झाले. ज्यायनं आधी दिले होते त्यायनं बी म्हटलं, हम बदल के देते हैं. प्रीती म्हणे, "सच में वो हटवार सर थे?" अन् तिनं बी बदलला. दोन दिवसांत एकेचाळीसपैकी चाळीस कागद. सगळ्यायवर हटवार सर. माया कागद तेवढा राहिला होता, मी म्हटलं माया सगळ्यात भारी लिहिन.

तो गठ्ठा मी सरच्या टेबलावर ठेवला अन् पहिला वाचाले सुरुवात केली. "हटवार सर ने हमें ज़िंदगी का मतलब सिखाया." दुसरा. "हटवार सर की बातें हमेशा याद रहेंगी." तिसरा. "हटवार सर बहुत अच्छे इंसान हैं." मी आवाज बदलून बदलून वाचून राहिलो, पण कागद असे होते का त्यायले आवाजच नव्हता. सातव्या कागदाले सरनं हात वर केला.

"कधी शिकवला मी जिंदगीचा मतलब? कोणत्या तासाले?"

"सर, ते असंच..."

"कोणत्या खोलीत? वरच्या का खालच्या?"

मी सातवा कागद गठ्ठ्यावर ठेवून दिला.

"एका वर्गात चाळीस पोरायले एकच आठवण," सर म्हणले. "परीक्षेत असतं तं मी काय केलं असतं?"

"कॉपी केस," मी म्हटलं.

सरनं चाळीसचे चाळीस कागद सरळ केले, टेबलावर ठोकून कोपरे जुळवले अन् मायापुढे सरकवले. "वापस दे. जुनेच आण म्हणावं." मंग, माया खांद्यापलीकडे पाहून, "प्रीतीचा बी. तिचा शुक्लावालाच चांगला होता."

मले लय राग आला. त्यायच्यावर नाही, स्वतःवर बी नाही, असाच मोकळा राग. एवढं पाहिजे होतं या माणसाले, अन् एवढं समोर आणून ठेवलं तं म्हणते, कोणती खोली. जुने कागद पुन्हा जमा झाले, बाकीच्यायनं नवे लिहिले. त्यात सरचं नाव नव्हतं. सगळे टाइप झाले. राहिला माया कागद.

"मायावाला मी तोंडी सांगतो," मी म्हटलं. "तोच लाइट गेलेला दिवस. मी होतो, तुम्ही होते. कॉपी नाही आहे."

"ती प्रीतीची आहे. तिनं आधी लिहिली. तू सगळ्यायची नक्कल करतो, निदान आठवण तं आपली आण."

"ठीक आहे. सहावीत मी ग्राउंडवर पडलो होतो, हात मोडला होता. तुम्ही मले उचलून ऑफिसात नेलं. रस्ताभर म्हणत होते, रडू नको, रडू नको. हे कोणाचं नाही, हे मायंच आहे."

हे मी खरं बोललो होतो. सहा वर्षं मले तसंच वाटत होतं. सरनं दोन बोटं कीबोर्डवर ठेवले. मले तं वाटलं, झालं. मंग ते म्हणले, "ज्यानं उचललं त्याच्या डाव्या हातावर घड्याळ होतं का?"

मी आठवलं. होतं. माया गालाले लागत होतं, थंडगार.

"मी घड्याळ लावतच नाही," सर म्हणले. "ते चौबे सर असतीन. त्यायले सांगजो, बरं वाटन त्यायले."

एक 'हो' म्हणाले काय जात होतं? मले तं कधी समजलंही नसतं. समोर कॉम्प्युटरवर मायं पान उघडं होतं. पहिल्या सवालात 'मिमिक्री आर्टिस्ट, अन् ते नाही झालं तं रेल्वे स्टेशनवर अनाउन्समेंट'. दुसऱ्यात 'जे लोक म्हणतात, एक बार और कर के दिखा'. तिसऱ्याची जागा खाली. तिथे कर्सरची काळी दांडी लपकझपक करून राहिली होती.

"मंग आजचंच लिहितो," मी म्हटलं. "का हटवार सरनं, त्यायले इतकं पाहिजे असून, दुसऱ्याची आठवण घेतली नाही. खोली लायब्ररी, वेळ तिसरा तास."

सरनं दुसरा चष्मा लावला. आमाले पाहाचा. डोळे ऑपरेशनचे होते, पाणी तसंही यायचंच त्यायले.

"हे तं आत्ता झालं," ते म्हणले. "हे अजून आठवण नाही झाली. राहते का जाते ते पाहा आधी. दहा वर्षांनी राहिली तं लिहून पाठव मले. फोनवर नाही, कागदावर." अन् तिसरी जागा खाली ठेवून त्यायनं पान सेव्ह केलं.

पुस्तकात बी ते तसंच छापून आलं. सगळ्यायच्या पानावर तीन जवाब अन् माया पानावर दोन. फेअरवेलले पोट्टे म्हणे, टेपची कॅसेट अटकली. मी बी हसलो. सर स्टेजच्या बाजूले पिशवी घेऊन उभे होते, नाव पुकारून पुस्तक देत होते. कोणी त्यायच्या पाया पडलं, कोणी नाही. पुस्तक घेतलं का जो तो आपलं पान उघडे अन् वाचता वाचता पुढे जाई.

मंग बोर्डाची परीक्षा आली अन् त्यात सगळं गेलं.

मे महिन्यात एका दुपारी आईनं कैरीचं लोणचं देऊन मले त्यायच्या क्वार्टरवर पाठवलं. रिटायर झाल्यावर क्वार्टर खाली करा लागते, तसं ते करून राहिले होते. दारासमोर छोटा हाथी टेम्पो उभा होता. त्यात एक खाट, एक कपाट, एक कूलर, दोन बादल्या, अन् दोरीनं बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे. सत्तावीस वर्षांचं सामान, अन् गाडी अर्धी खालीच. ड्रायव्हर म्हणे, "बस इतना ही, अंकल?"

सर म्हणले, "इतना ही."

मी लोणचं दिलं. त्यायनं बरणी दोन्ही हातांनी घेतली, कुठे ठेवावी समजलं नाही, मंग मांडीवर घेऊनच ओट्यावर बसले.

"सर, पत्ता द्या नं," मी म्हटलं. "दहा वर्षांनी पाठवाचं आहे मले."

"हो, लिही." त्यायले बरं वाटलेलं दिसलं. "क्वार्टर नंबर चार बी, स्ट्रीट..." अन् थांबले.

ड्रायव्हर गाडीच्या मागे फळी लावून राहिला होता. सरनं वळून दरवाज्यावरच्या नंबराकडे पाहिलं, जसं का नंबरानंच त्यायले फसवलं. "भंडाऱ्याले भावाचं घर आहे," ते म्हणले. "पण तिथे किती दिवस, ते भाऊ सांगन. तू लिहून ठेव. पत्त्याचं पाहू."

फोन नंबर होता मायापाशी. दोन दिवाळ्या लागला बी. आता तो नंबर गोंदियाच्या कोण्या बाईले लागते. मी तिले दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तिनं शिव्या दिल्या.

गाडी निघाली. सर ड्रायव्हरच्या बाजूले, मांडीवर बरणी. गल्लीच्या तोंडाशी जाऊन गाडी अटकली, कारण प्लांटची पहिली पाळी सुटली होती. समोरच्या रस्त्यानं स्कूटरा, मोटरसायकली, सायकली, नुसता लोंढा. हेल्मेटवाले, गमछा बांधलेले, घामानं पाठी भिजलेले. त्यात आमच्या शाळेचे किती तरी असतीन. ठेक्यावर लागलेले, अप्रेंटिस लागलेले. सर खिडकीतून एकेकाले पाहून राहिले होते, मान वळून, दुसरा आला का पुन्हा मान वळून. मी पन्नास पावलांवर उभा होतो. पाच मिनिटं तं सहज गेली असतीन. वाटलं का धावत जावं, काही तरी बोलावं. पण मी तिथंच उभा राहिलो.

तेवढ्यात लोंढ्यातून एक मोटरसायकल बाजूले झाली अन् बरोबर सरच्या खिडकीपाशी थांबली. चालवणाऱ्यानं हेल्मेटची काच वर केली, वाकून काही तरी म्हटलं. सरचा चेहरा मले गाडीच्या आरशातून दिसत होता. तो असा उघडला का मी कधी पाहिलाच नव्हता. त्यायनं बरणी एका हातात धरली अन् दुसरा हात खिडकीतून बाहेर काढला, हात मिळवाले.

त्या माणसानं गाडीच्या मागे बोट दाखवलं. दोरी सुटली होती, बादली लटकून राहिली होती. एवढं सांगून त्यानं काच खाली केली अन् तो लोंढ्यात घुसला. ड्रायव्हर उतरला, बादली बांधली, पुन्हा चढला.

सरचा हात तवरी बाहेरच होता.